बंबाच्या आधी येणारा माणूस

आमच्या पालघरकडे रात्रीच्या वेळी खिडक्यांची तावदाने एकाएकी वाजू लागली, की अंथरुणातला माणूस उठून बसतो आणि स्वतःला एकच प्रश्न विचारतो : हा भूकंप, की कारखाना? डहाणू-तलासरीच्या बाजूस, धुंदलवाडीच्या आसपास, नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे लहानमोठे धक्के बसू लागले, तेव्हापासून पहिली शंका मनात येते. दुसरी शंका त्याहून जुनी आहे. ८ मार्च २०१८ च्या रात्री तारापूर औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, तिघे जण दगावले, आणि तो आवाज कित्येक मैलांवरच्या गावांतून ऐकू गेला. पुढे दोन वर्षे पुरी होण्यापूर्वीच, ११ जानेवारी २०२० रोजी सायंकाळी, त्याच वसाहतीत दुसऱ्या एका कारखान्यात स्फोट होऊन आठ जणांचा बळी गेला.

परगावच्या माणसास तारापूर म्हटले की १९६९ साली सुरू झालेले अणुवीज केंद्र आठवते, आणि तो आमच्याकडे काहीशा काळजीने पाहू लागतो. त्या केंद्राभोवती पहारे आहेत, त्याचे नियम निराळे आहेत. आम्हा रहिवाशांची रोजची चिंता त्या केंद्राची नसते. ती असते बोईसर स्थानकापासून थोड्याच अंतरावर पसरलेल्या त्या वसाहतीतील पिंपांची, गोण्यांची आणि कुलूपबंद गोदामांची.

स्फोटाच्या पाठोपाठ घंटा वाजवीत बंब धावतो. बंबावरच्या माणसाचे धैर्य सर्वांना दिसते. त्याचे कौतुक होते, आणि ते योग्यच होय. परंतु आज मला बोलावयाचे आहे ते दुसऱ्या एका माणसाविषयी. हा माणूस बंबाच्या आधी, कधी कधी वर्षभर आधी, येऊन गेलेला असतो. निदान यावयास हवा असतो. त्याच्या हातात पाण्याची नळी नसते. मापाची फीत, विजेरी आणि एक वही, एवढीच त्याची शस्त्रे. सरकारी कागदात त्याला अग्निप्रतिबंधक अधिकारी म्हणतात. लोक त्याला फायर इन्स्पेक्टर म्हणतात आणि तो दारात दिसला की बहुधा कपाळाला आठी घालतात. या माणसाला शिकवतात काय, आणि ते शिक्षण कशाकरिता, हा माझ्या भाषणाचा विषय.

मी जुन्या अकरावीपर्यंत शिकलेला प्राथमिक शाळेचा मास्तर. या विषयावर बोलण्याचा अधिकार मला कोणी दिला, असे आपण विचाराल. अधिकार नाहीच. पण या विषयातला एक धडा मला माझ्याच विद्यार्थ्याने माझ्याच शाळेत दिला, आणि तो मी विसरू शकलेलो नाही. तो प्रसंग प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी ज्या शाळेचा मुख्याध्यापक होतो तिचे नाव येथे सांगत नाही. दोष शाळेचा नव्हता, माझा होता. जानेवारीचा महिना होता, स्नेहसंमेलनाची गडबड चालली होती. अशा वेळी माझा एक जुना विद्यार्थी पेढ्यांचा पुडा घेऊन भेटावयास आला. मुंबईस सांताक्रूझला महाराष्ट्र अग्निशमन सेवेची प्रशिक्षण अकादमी आहे. तेथील उपस्थानक अधिकारी व अग्निप्रतिबंधक अधिकारी यांचा एक वर्षाचा अभ्यासक्रम तो नुकताच उत्तीर्ण झाला होता. वर्गात तो फारसा हुशार गणला जात नसे. पण एखादी गोष्ट का, असे विचारून मास्तरला भंडावून सोडण्याची त्याला खोड होती. मी मोठ्या अभिमानाने त्याला भिंतीवरचे लाल नळकांडे दाखवले. म्हटले, “पाहा, आम्हीसुद्धा तुमच्या खात्याची व्यवस्था ठेवली आहे.” त्याने नळकांड्याकडे पाहिले, त्याच्या काट्याकडे आणि त्याला बांधलेल्या चिठ्ठीकडे पाहिले. काटा तांबड्या भागात होता. चिठ्ठीवरची तारीख दोन वर्षांमागची होती. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने एवढेच म्हणाला, “गुरुजी, एक विनंती आहे. घंटा वाजवा आणि मुलांना बाहेर यावयास सांगा. मला पाहावयाचे आहे.”

मी घंटा वाजवली. शाळा दुमजली, सुमारे अडीचशे मुले, एक जिना, व्हरांड्याच्या एका टोकास पुढचे दार आणि दुसऱ्या टोकास मागचे. मागचे दार आम्ही बंद ठेवीत असू, कारण त्यातून शेळ्या आत येत आणि मधल्या सुटीनंतर काही मुले बाहेर जात. बंद दार म्हणजे मोकळी जागा, आणि मोकळी जागा शाळेत फार दिवस मोकळी राहत नाही. मोडके बाक, जुना फळा, मागच्या वर्षीच्या नाटकातील पुठ्ठ्याचा किल्ला, असे सारे तेथे रचून ठेवले होते. तेव्हा अडीचशे मुले एकाच दारावर लोटली. त्या दाराचे एक फळकूट वरच्या कडीने बंद असे. ती कडी लहान मुलांच्या हाताला पोचत नसे. मुले हसत होती, ढकलत होती. तिसरीतील एक मुलगी उंबरठ्यावर पडली, तिच्यावर आणखी दोघी पडल्या, आणि तिचा गुडघा फुटला. शेवटचे मूल अंगणात आले तेव्हा माझ्या विद्यार्थ्याने घड्याळाकडे पाहिले. सात मिनिटे झाली होती.

“मागच्या दाराची किल्ली कोठे आहे, गुरुजी?”

किल्ली शिपायाजवळ होती. शिपाई मांडवाचे कापड आणावयास बोईसरला गेला होता.

श्रोतेहो, त्या दिवशी आग नव्हती, धूर नव्हता, दिवस उजेडाचा होता. आणि त्याच वर्षी मी एका छापील तक्त्यावर “आगीपासून बचावाची साधने सुस्थितीत आहेत” या ओळीपुढे सही करून तो वरिष्ठांकडे पाठवला होता. मी खोटे लिहीत आहे असे सही करताना मला वाटले नव्हते. नळकांडे भिंतीवर होते, हे खरेच होते.

त्या सायंकाळी त्याने मला दोन गोष्टी सांगितल्या. हरयाणातील डबवाली येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी एका शाळेच्या समारंभाच्या मांडवास आग लागली आणि चारशेहून अधिक माणसे, त्यांत बहुसंख्य मुले, दगावली. तामिळनाडूत कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी माध्यान्ह भोजनाच्या चुलीची ठिणगी गवती छपरावर जाऊन ९४ मुले गेली. आमच्या अंगणात त्या वेळी कापडाचा मांडव उभा राहत होता, आणि खिचडीची चूल व्हरांड्याला लागूनच होती. मी त्याला पेढा देण्याचे विसरून गेलो.

आता या विद्येविषयी. ही विद्या परकी आहे, साहेबाने आणली, असे कोणास वाटत असेल तर ते बरोबर नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नागरक म्हणजे नगराचा अधिकारी याची कर्तव्ये दिली आहेत. त्याने दररोज पाण्याच्या जागा आणि मार्ग यांची पाहणी करावी, असे तेथे आहे. घराघरांत पाण्याचे घडे, शिडी, कुऱ्हाड, सूप, आकडा, चामड्याची पखाल ठेवावी. न ठेवील त्यास दंड. उन्हाळ्यात भर दुपारी चूल पेटवील त्यास दंड. गवती आच्छादने काढून टाकावीत. विस्तवावर पोट भरणाऱ्या कारागिरांनी एके ठिकाणी राहावे. घरधन्याने रात्री आपल्या घराच्या दारापाशीच असावे. रस्त्यांवर, चव्हाट्यांवर, वेशींपाशी पाण्याची हजारो भांडी ओळीने मांडलेली असावीत. आग लागली असता घरमालक विझवावयास धावला नाही तर बारा पण दंड, आणि भाडेकरू धावला नाही तर सहा. मालकास दुप्पट का, हे सांगावयास नकोच. आजच्या कायद्याचेही सूत्र तेच आहे, ते पुढे येईल. नागरकाने रोज काय पाहावे? पाणी आणि वाट. माझ्या विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या वह्या मी चाळून पाहिल्या, आणि त्यांतील अर्धा भाग या दोन शब्दांत बसतो असे माझे मत झाले.

उरलेला अर्धा भाग म्हणजे कोणती वस्तू कोणत्या वस्तूशेजारी ठेविली आहे, हे पाहणे. हेही आमच्या प्रांतास नवे नाही. पूर्वी पालघर, बोईसर, डहाणू या पट्ट्यातून मुंबईच्या तबेल्यांसाठी गवत जात असे, आणि रेल्वे स्थानकांच्या आसपास गवताच्या मोठमोठ्या वखारी असत. वखारवाले निरक्षर असले तरी त्यांचे काही नियम पक्के होते : गंजींमध्ये माणूस आणि बैलगाडी जाईल एवढी गल्ली ठेवावयाची, वखारीत विडी ओढावयाची नाही, आणि ओले गवत कोरड्याबरोबर रचावयाचे नाही. ओले गवत आतल्या आत तापते आणि कोणी काडी न लावता पेट घेते, हे त्यांना रसायनशास्त्र न शिकता ठाऊक होते. त्या गल्ल्या कशासाठी, हे न कळणाऱ्या एखाद्या नव्या मालकाने जागा वाया जाते म्हणून त्या भरून टाकल्या, तर एका गंजीची आग साऱ्या वखारीची होत असे.

याच अज्ञानाचे भयंकर रूप मुंबईने १४ एप्रिल १९४४ रोजी पाहिले. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे जहाज उभे होते. त्यात सुमारे चौदाशे टन स्फोटक द्रव्ये होती, आणि कराचीस त्यांच्याच सोबतीस कापसाच्या गासड्या भरल्या होत्या. दुपारी गासड्यांतून धूर येऊ लागला. बंबवाले पाणी ओतीत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात कामास आले. त्यांच्या स्मरणार्थ आपल्या देशात १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. त्या दिवशी धैर्यात काडीचीही उणीव नव्हती. उणीव होती ती गोदीत नव्हे, कराचीस माल भरताना, कागदावर बोट ठेवून “हे याच्याशेजारी जाणार नाही” असे म्हणणाऱ्या माणसाची. किंवा तो असलाच, तर त्याचे ऐकण्याची.

स्वातंत्र्यानंतर या विद्येचे रीतसर शिक्षण देशात सुरू झाले. १९५६ साली रामपूर येथे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय स्थापन झाले आणि दुसऱ्याच वर्षी ते नागपुरास आले. आजही ते तेथेच आहे. १९७० साली राष्ट्रीय इमारत संहिता प्रथम प्रसिद्ध झाली; १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये तिची पुनर्रचना झाली. तिचा चौथा भाग आगीपासून बचाव व जीवितरक्षण यांविषयी आहे, आणि तो तपासनीसाची रोजची पोथी होय.

ही पोथी मी उघडून पाहिली. प्रथम कंटाळा आला. नंतर आला नाही. तिचा आरंभच शहाणपणाचा आहे. इमारत किती मोठी, किती सुंदर, हे ती आधी विचारीत नाही. इमारत कशासाठी वापरता, हे विचारते. राहण्याची, शिक्षणाची, रुग्णालयासारख्या संस्थेची, लोक जमण्याची, कचेरीची, दुकानाची, कारखान्याची, साठवणीची आणि धोकादायक मालाची, असे नऊ वर्ग तिने केले आहेत. राहत्या घराच्या जिन्याची रुंदी निदान एक मीटर, शाळेच्या जिन्याची दीड, रुग्णालयाच्या जिन्याची दोन. घरातला माणूस एकटा उतरतो, शाळेतली मुले घोळक्याने उतरतात, आणि रुग्ण स्वतः उतरूच शकत नाही, त्याला दोघांनी उचलून आणावे लागते. एवढा सारा विचार त्या तीन आकड्यांत आहे.

आता आपल्या भोवती काय चालले आहे ते पाहा. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हापासून स्थानकाच्या दोन्ही अंगांस मजले चढत आहेत. राहण्यासाठी बांधलेल्या इमारतीत खाली दुकान, पहिल्या मजल्यावर शिकवणी वर्ग, दुसऱ्यावर दवाखाना, असा क्रम कोणत्याही गावात पाहावयास मिळतो. भिंती त्याच, जिना तोच. वापर मात्र बदलला. नकाशा मंजूर करणाऱ्याने जे पाहिले ते आता तेथे नाही. म्हणून शिकलेला तपासनीस नकाशा हातात धरतो खरा, पण विश्वास ठेवतो तो डोळ्यांवर. आमच्याच जिल्ह्यात विरार येथे २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागास आग लागली आणि त्याच पहाटे तेरा रुग्ण गेले. त्याआधी ९ जानेवारीस भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बालके गेली होती. ज्यांना स्वतःच्या पायांनी दारापर्यंत जाता येत नाही अशा माणसांच्या खोलीत शिरताना तपासनीसाने काय पाहावयास हवे, हे शिकविण्यासाठी याहून दुःखद पाठ कोणता असणार?

संहितेत प्रवासाचे अंतर नावाची एक कल्पना आहे. खोलीतल्या कोणत्याही जागेपासून सुरक्षित बाहेरच्या वाटेपर्यंत माणसास किती चालावे लागेल, याचे ते माप. शाळा, घर, कचेरी यांना साधारणपणे ३० मीटर. साध्या कारखान्यास ४५. पण ज्या इमारतीत धोकादायक द्रव्ये आहेत तेथे अवघे साडेबावीस. मी विद्यार्थ्यास विचारले, “अरे, साडेबावीसच का? बावीस का नाही?” तो हसून म्हणाला, “गुरुजी, तुम्ही पस्तीस गुणांस पास आणि चौतीसास नापास का करीत होता?” त्यावर मजजवळ उत्तर नव्हते. पुढे त्याने समजावले, ते मात्र गंभीर होते. साधी आग माणसास काही मिनिटे देते, द्रावकाची आग ती देत नाही. शिवाय मनुष्य ज्वाळेने मरण्याआधी धुराने मरतो. दिल्लीच्या ‘उपहार’ चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ प्रेक्षक गेले, ते प्रामुख्याने गुदमरून. जादा खुर्च्या घालून तेथे जाण्यायेण्याची वाट अरुंद केलेली होती. धुरात माणूस पाहत नाही, चाचपतो. म्हणून तपासनीसास शिकवितात की, फीत सरळ रेषेत धरू नकोस. टेबलाला वळसा घालून, यंत्राला वळसा घालून, माणूस जसा जाईल तशी धर.

तसेच दाराचे. लोंढा ज्या दिशेने येणार त्या दिशेने दार उघडावे, आणि आतून किल्लीवाचून उघडावे, हा नियम आज कोणासही साधा वाटेल. त्यामागे मोठी स्मशाने आहेत. शिकागो शहरात ३० डिसेंबर १९०३ रोजी इरोक्वा नाट्यगृहात सहाशेहून अधिक प्रेक्षक मेले. नाट्यगृह नवे कोरे होते, आणि ते आगीपासून अभेद्य असल्याची जाहिरात झाली होती. न्यूयॉर्क शहरात २५ मार्च १९११ रोजी एका शिवणकामाच्या कारखान्यात १४६ कामगार गेले, त्यांत बहुतेक तरुण मुली. जिन्याचे एक दार कुलूपबंद होते. कामगारांनी माल चोरू नये म्हणून कुलूप, असे कारण देत. माझे कारण शेळ्यांचे होते. कारण कोणतेही असो, दारास ते कळत नाही.

तारापूरसारख्या ठिकाणी मात्र पाणी आणि वाट एवढ्याने भागत नाही. पाणी हा आगीचा वैरी, हे आपण पहिलीच्या मुलास शिकवतो. पण सोडियमसारखा धातू पाण्यानेच पेटतो. तेलावर पाणी ओतले तर तेल पाण्यावर तरंगून आग पुढच्या खोलीत नेते. चालू विजेच्या फळीवर पाणी टाकणाराच प्राणास मुकतो. म्हणून आगीचे वर्ग पाडले आहेत : लाकूड-कापडाची एक, तेलद्रव्यांची दुसरी, वायूची तिसरी, धातूंची चौथी; आणि प्रत्येकीचे औषध वेगळे. चुकीचे नळकांडे भिंतीवर असणे हे नसण्याहून वाईट. रसायनांच्या कारखान्यात तपासनीसाने गोदामाची यादी मागावी, यादीतील द्रव्यांची माहितीपत्रके मागावीत, आणि मग स्वतः आत जाऊन यादी व पिंपे यांचा ताळा पाहावा. तापलेल्या भांड्याचे थंड पाणी बंद पडले तर पुढे काय होईल, हे पाळीवरच्या कामगारास विचारावे, व्यवस्थापकास नव्हे. व्यवस्थापकाचे उत्तर तोंडपाठ असते.

येथे माझे एक गाऱ्हाणे आहे. धोक्याच्या पाट्या पुष्कळ कारखान्यांतून इंग्रजीत असतात, आणि पिंपे हलविणारी माणसे उत्तर प्रदेश, बिहार, ओरिसातून आलेली, किंवा आमच्याच पाड्यांवरची असतात. ज्याने वाचावयाचे त्यास न वाचता येणारी पाटी म्हणजे भिंतीची शोभा. परीक्षेस बसणाऱ्या तपासनीसास मी जर प्रश्न काढणार असेन, तर हाच काढीन : पाटी कोणासाठी आहे?

आणखी एक अडचण अशी की, कारखान्याच्या दारात एकच खाते येत नाही. औद्योगिक विकास महामंडळाचे अग्निशमन दल वेगळे. यंत्रे व कामगारांची सुरक्षा पाहणारे संचालनालय वेगळे. पेट्रोलियम आणि स्फोटक द्रव्ये यांचे परवाने देणारी, नागपुरास मुख्य कचेरी असलेली केंद्रीय संस्था आणखी वेगळी. ज्याला आपली हद्द कोठे संपते ते ठाऊक नाही, तो दुसऱ्याच्या हद्दीतला धोका पाहून मान फिरवतो. ज्याला ठाऊक आहे, तो निदान दुसऱ्यास पत्र लिहितो. हेही शिकवावे लागते, आणि माझ्या मते ते पुरेसे शिकवले जात नाही.

कायद्याविषयी थोडे सांगतो, कारण तो आपणा सर्वांच्या दारापर्यंत येतो. ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ याने जबाबदारी टाकली आहे ती तपासनीसावर नव्हे, तर इमारतीच्या मालकावर वा भोगवटादारावर. कौटिल्याचे बारा पण आठवा. मालकाने परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा बसवून घ्यावी, तिची निगा राखावी, आणि ती चालू असल्याचा दाखला प्रत्येक वर्षी जानेवारीत व जुलैत सादर करावा. त्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात. तपासनीस येतो तो या दाखल्याचा आणि वस्तुस्थितीचा मेळ घालावयास. मेळ बसला नाही तर तो नोटीस देऊ शकतो. धोका मोठा असेल तर इमारत मोकळी करावयास लावण्याचे, तिला मोहोर लावण्याचे, वीज-पाणी तोडण्याचे अधिकारही कायद्यात आहेत.

शहरातील सुशिक्षित कुटुंबांनी येथे क्षणभर आपल्या सोसायटीची वार्षिक सभा आठवावी. रंग कोणता लावावा यावर दोन तास चर्चा होते, पंपाच्या दुरुस्तीचा विषय निघाला की, “इतक्या वर्षांत काय झाले?” असे म्हणून तो पुढल्या वर्षावर जातो. जिन्याच्या वळणावर चपलांचे कपाट असते, वरच्या वळणावर सायकल. गच्चीचे दार बंद आणि किल्ली अध्यक्षांच्या घरी. अध्यक्ष मुलाकडे पुण्यास. आणि जानेवारीचा फॉर्म मात्र वेळेवर जातो. असे फॉर्म भरणाऱ्यांत मी एक होतो, म्हणून हे बोलण्याचे धाडस करीत आहे.

विद्यार्थ्यास मी एकदा विचारले होते, “वर्षभरात सर्वांत कठीण काय वाटले? जलशास्त्र, की रसायन?” तो म्हणाला, “दोन्ही पाठ होतात. कठीण असते ते सरावाच्या पाहणीनंतर मालकासमोर उभे राहून दोष वाचून दाखविणे. आमचे शिक्षक मालकाचे सोंग घेत. कोणी चहा पुढे करी, कोणी ओळख सांगे, कोणी म्हणे की, दोनशे माणसांची रोजी जाईल. आमच्यातले पुष्कळजण तेथे अडखळत.” माझ्या शाळेतही त्यास अडखळावयास झाले असलेच पाहिजे. ज्या मास्तराने त्याला छडीने गणित शिकवले, त्याच्यासमोर “हे बरोबर नाही” असे म्हणणे सोपे नव्हे. त्याने ते म्हटले नाही. घंटा वाजवावयास लावली.

त्या संमेलनाचा मांडव आम्ही भिंतीपासून दूर उभारला आणि चूल अंगणाच्या पलीकडच्या कोपऱ्यात नेली. बाकांचा लिलाव केला. पुठ्ठ्याचा किल्ला मुलांनी रडत रडत मोडला. नळकांडी नवी भरून आणली, आणि ती कशी वापरावयाची हे सातवीच्या मुलांना त्यानेच येऊन दाखवले. पुढच्या दाराची कडी खाली घेतली. मागच्या दाराचे कुलूप काढून आतून नुसती अडसर ठेवली, आणि शाळा भरलेली असताना तीही काढून ठेवावयाची असे ठरले. पुढल्या जानेवारीत पुन्हा घंटा वाजवली, तेव्हा अंगण भरावयास पावणेतीन मिनिटे लागली. गुडघा फुटलेली मुलगी तेव्हा चौथीत होती; दारापाशी उभी राहून ती लहान मुलांना रांगेने सोडीत होती.

शेळ्यांची तक्रार मात्र मिटली नाही. मी निवृत्त झालो त्या दिवशी निरोपाची भाषणे चालू असताना एक शेळी त्या दारातून व्हरांड्यात आली आणि तिने माझ्या हारातली दोन झेंडूची फुले खाल्ली. शिपायाने तिला हाकलले, आणि दार होते तसे उघडेच ठेवले.